गुरप्पा मास्तरांचा मातीचा वर्ग

बसा मंडळी, सावलीला सरकून बसा. बोलायच्या आधी जरा विचारपूस करतो. तेवढाच माझ्या जिवाला धीर येतो.

गौराक्का, सकाळी दोन घास पोटात गेले का? आमच्या घरून भाकरी धाडली होती, ती तशीच परत आली म्हणून विचारतो. पाटील, गुडघा कसा आहे? खाली बसवत नसंल तर कट्ट्यावर बसा, मास्तर काही रागवायचे न्हाईत. अमीनसाहेब, हिवताप उतरला का? पोलीस ठाण्यातून सभेला इजाजत दिली आणि अंगात कसर असताना स्वतः आलात, मेहेरबानी. म्हाळप्पा, खोकला कमी दिसतोय. माकणीचे रामजी, येरमाळ्याच्या सखूबाई, तुम्ही लांबून आलात. पोरं बरी आहेत ना? आठ दिवसांत जरा वाळल्यासारखी वाटतात.

मी मारुती कुंभार. मडकं वाजवून पारखणारा माणूस, मला भाषण कुठलं येणार? अक्षरं शिकलो तीसुद्धा बाजारातल्या पुड्यांचे कागद वाचून. पण गौराक्का म्हणाल्या, "मारुतीदादा, यांच्याबरोबर सगळ्यात जास्त भांडलात तुम्ही, तेव्हा तुम्हीच बोला." खरं आहे. भांडलो. लई भांडलो.

आपले गुरप्पा मास्तर आठ दिवसांपूर्वी गेले. साधा ताप, चार दिवस, आणि भरदुपारी शांतपणे गेले. मागं राहिल्या गौराक्का. आणि मागं राहिला तो वर्ग, ज्यात दुसऱ्या कुठल्या शाळेनं घेतली नसती अशी पोरं होती. चावणारी, दगड मारणारी, तासन्‌तास किंचाळणारी. आई मेल्यापासून एक शब्द न बोललेलं एक. तो वर्ग आता चालायचा का मिटायचा, हे आज आपल्यापुढं आहे. त्याकडं मी येतोच.

मास्तर सरकारी शाळेतून मोकळे झाले आणि घरच्या ओसरीवर ही पोरं घेऊन बसले. लांबगावची पोरं तिथंच राहायची. एक दिवस माझ्या दारात आले. "मारुतराव, माती पाहिजे."

"सारवायला?"

"लिहायला."

"आन पाट्या कुठं गेल्या?"

"फुटल्या. काही भिंतीवर, काही माझ्या डोक्यावर. आता लढाईपायी सोलापूरहून नव्या येईनात."

मी हसलो. म्हटलं, मास्तर, मातीची पाटी तरी कशी टिकंल? तर म्हणाले, "टिकायलाच नको. ओल्या मातीवर काडीनं लिहायचं, चुकलं की तळवा फिरवायचा. चूक गेली, पोर मोकळं."

आणि लिहिण्याच्या आधी माती तुडवायची. माझ्याच अंगणात, माझ्या कारभारणीबरोबर. राग आला, तुडव. रडू आलं, तुडव. मास्तर बाजूला सुपारी कातरत बसायचे. बघायचेसुद्धा न्हाईत. मी म्हटलं, "अहो, पोरगं मातीत लोळतंय, जरा दटावा." तर मला म्हणतात, "तुमचं गाढव लाथा झाडत असलं की तुम्ही त्याच्या मागं जाऊन उपदेश करता का?"

लोक म्हणतात, मास्तरांनी कुंभारासारखी पोरं घडवली. मी कुंभार आहे, मला विचारा. मी मडक्याला थापटतो, फिरवतो, मला हवा तसा आकार देतो. मास्तरांनी एका पोराला बोट लावलं न्हाई. ते नुसते बसून राहायचे. रोज, त्याच जागी, त्याच वेळी. पोराला कळायचं की आपण काहीही केलं तरी हा माणूस उठून जात न्हाई.

आता भागीची गोष्ट सांगतो. ती इथं बसली आहे. तिला विचारूनच सांगतोय.

म्हाळप्पा धनगराची ही लेक. अकरा वर्षांची असताना आली. जवळ जाईल त्याला चावायची. देवीला पाच मंगळवार केले, मग कुणा देवऋष्यानं दंडावर डाग दिला. मास्तरांनी तो डाग बघितला. आम्हाला वाटलं, आता म्हाळप्पाची खरडपट्टी निघणार. मास्तर म्हणाले, "म्हाळप्पा, देवीला जरूर न्या, मी न्हाई म्हणत न्हाई. पण डाग पुन्हा नको. आणि येताजाता माझ्याकडं बसवत चला." एवढंच. म्हाळप्पा, तुम्ही त्या दिवशी ओसरीवर रडलात, मी बघितलं होतं.

महिना-दीड महिना पोरीनं नुसती माती तुडवली. मग एक दिवस काडी उचलली. एक अक्षर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. असं करत करत एका सांजेला मातीवर 'भागी' एवढं सगळं उमटलं. 'ग' उलटा होता, पण होता. पोरं घरी गेली होती. मला काय भरून आलं, काय सांगू! म्हटलं, ही पाटी पुसली जायला नको. वाळवली, आणि मडक्यांबरोबर आव्यात भाजून काढली. चांगली लालभडक झाली, खणखणीत. नेऊन वर्गातल्या कोनाड्यात ठेवली, देवासारखी.

भागी आली. तिनं बघितलं. मग माझ्याकडं आली आणि हे मनगट फोडलं. हा बघा वण. आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

मी चिडलो. मास्तरांना म्हटलं, "भलं करायला गेलो आन चावा मिळाला."

"भलंच केलंत. पण तिला विचारलंत का?"

"पोरीला काय विचारायचं?"

"मारुतराव, तिची चूक पुसायची होती. तुम्ही ती भाजून पक्की केलीत आणि चारचौघांत मांडलीत. तुमचं एखादं तिरकं मडकं मी चावडीत टांगलं तर?" आणि वर म्हणाले, "जाऊन माफी मागा."

मंडळी, मी नातवंडांचा आजा. धनगराच्या अकरा वर्षांच्या पोरीची माफी? तीन दिवस धुमसलो. कारभारीण म्हणाली, "जा की आता. मास्तर पोरांचा न्हाय, तुमचाच वर्ग घ्यायलेत." चौथ्या दिवशी पाटी काखेत मारून मेंढवाड्यावर गेलो. म्हटलं, "भागाबाई, माझं चुकलं."

लई वेळ ती मेंढराच्या लोकरीतल्या कुसळ्या काढत बसली. मग वर न बघता म्हणाली, "आज्या, फोडू का?"

"फोड."

तिनं दगडावर आपटली. एक तुकडा उचलून विचारलं, "ही आता भिजंल का?"

"न्हाय. भाजलेलं भिजत न्हाय."

"मग पुन्यांदा मला इचारल्याबिगर भाजू नगा."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात होती. मास्तरांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडं बघितलं आणि एक खांड माझ्यापुढं केलं.

त्याला सात वर्षं झाली. भागीचा राग गेला का? न्हाई गेला. आजही येतो. आला की उठून अंगणात जाते आणि माती तुडवते. आमची कारभारीण म्हणते, त्या दिवशीच्या मातीची मडकी कधी तडकत न्हाईत. ती आता वाचते, लिहिते. आणि ज्या पोराजवळ कुणी जाऊ शकत न्हाई, त्याच्याजवळ जाऊन बसते. मास्तरांसारखीच, जरा पाठ वळवून.

ताप चढला तेव्हा मी मास्तरांना विचारलं, "आता पोरांचं काय?" म्हणाले, "भागी आहे की. पण आधी तिला विचारा." मी विचारलं. ती म्हणाली, "बसन मी. पर लोकं पाठवतील का?"

हाच प्रश्न आहे, मंडळी. मास्तर गेले आणि तुम्ही पोरं घरी नेलीत, त्यात तुमची चूक न्हाई. 'चावरी पोर, ती काय शिकवणार' असं बाजारात बोललं जातं, तेही माझ्या कानावर आहे. माझं म्हणणं उलटं आहे. आत काय जळतंय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मास्तरांना ते समजून घ्यावं लागलं, हिनं ते भोगलंय. गौराक्का पोरांचं जेवणखाण पहिल्यासारखंच बघणार आहेत. अंगण माझं आहे, माती माझी आहे, आणि हा म्हातारा हाकेच्या अंतरावर आहे.

मास्तरांची उणीव आहेच. ती कशी भरेल? पण मन भरून आलंय ते नुसतं दुःखानं न्हाई. एक माणूस आपल्यात राहिला, त्यानं कुणाला टाकलं न्हाई, आणि आपण ते डोळ्यांनी बघितलं. एवढं भाग्य किती गावांना मिळतं?

आता दोन मिनिटं गप्प बसू. मध्येच एखादं पोर ओरडलं तर ओरडू द्या. कुणी दटावू नका.

आणि रामजी, सखूबाई, आज मला हो-न्हाई काही सांगू नका. भिडेखातर तर मुळीच नको. घरी जा, पोराला जवळ घेऊन विचारा, 'भागीताईकडं राहशील का?' ज्याला बोलता येत न्हाई, ते मान हलवतं का एवढं बघा. आणि मग दोन ओळींचं कार्ड टाका. पण लवकर टाका. सोमवारपासून पोरगी ओसरीवर येऊन बसणार आहे.