केमोच्या दिवसांतलं वाचन

शरयू : अहो, तो अंक मिटा ना. आज वाचन नको.

चंद्रशेखर : कालही नको म्हणालीस. या दिवाळी अंकासाठी तिकडे देशात बाळच्या मागे लागून मी अख्खं फोनकार्ड संपवलं. धाकटा भाऊ असून चार शिव्या दिल्यान मला. दुसरी कथा काढू?

शरयू : कथेचं काही नाही हो.

चंद्रशेखर : मग माझ्या वाचण्याचं असेल. कवळी बसवल्यापासून शब्द नीट फुटत नाहीत, कळतं मला. पण परवा डॉक्टरांनी केमोच थांबवली. म्हटलं, उरल्या संध्याकाळी तरी पूर्वीसारखं बसू.

शरयू : इथे बसा. पहिल्या दिवशी नर्स काय म्हणाली होती, आठवतं?

चंद्रशेखर : केमोच्या दिवशी आवडीचं काही खाऊ नका, पुढे त्याची शिसारी बसते. म्हणून तर आंबाबर्फीचा डबा मी फ्रीझरमध्ये टाकला. सहा महिने तू नुसती खारी बिस्किटं खाल्लीस.

शरयू : आता त्या बिस्किटांचा पुडा दिसला तरी मळमळतं. बर्फी मात्र परवा खाल्ली, छान लागली.

चंद्रशेखर : मग झालं की.

शरयू : चार-चार तास ते औषध चढायचं आणि तुम्ही शेजारी बसून वाचायचात. दर वेळी. अंतरा चिडायची, 'बाबा, लेट हर स्लीप.' मीच म्हणायचे, वाचू दे गं त्यांना.

चंद्रशेखर : शरयू...

शरयू : बर्फी जपली आपण. तुमचा आवाज जपायचं दोघांनाही सुचलं नाही.

चंद्रशेखर : म्हणजे मी वाचायला लागलो की तू बाथरूममध्ये जायचीस, ते... मला वाटायचं, कंटाळलीस.

शरयू : कंटाळा कसला? चाळीस वर्षं ऐकतेय. सांगितलं तर तुम्ही बोलणंच सोडाल, म्हणून गप्प राहिले.

चंद्रशेखर : जाईल का गं हे?

शरयू : नर्सला फोन केला होता. वर्षभरात जातं म्हणाली.

चंद्रशेखर : वर्षभरात. डॉक्टर तर फेब्रुवारीपर्यंतच म्हणाले.

शरयू : हो.

चंद्रशेखर : आणि साधं बोलताना? आत्ता मी बोलतोय, तेव्हा?

शरयू : ते एवढं नाही.

चंद्रशेखर : खरं सांग.

शरयू : ते भांडं जरा इकडे सरकवा.

(तो भांडं धरतो, तिचं तोंड पुसतो, उशी सारखी करतो. एक शब्द बोलत नाही.)

शरयू : डोळे मिटते जरा... अहो, आहात ना खोलीत?