तिसऱ्या खांबाचे ठोके

बायको गेल्याचं कळलं त्या दुपारी, दवाखान्यात तिला ठेवलेल्या खोलीबाहेर मी कागदांची वाट बघत बसलो होतो. बाकावर शेजारी एक म्हातारे आणि त्यांची सून होती, कानाच्या डॉक्टरकडे आलेली.

"सूनबाई, पुलाचं काम सोडून किती वर्षं झाली मला?"

"वीस. आणि हळू बोला, बहिरे तुम्ही आहात, लोक नाहीत."

"आम्ही खांब हातोडीनं ठोकून तपासायचो. एक जण या बाजूला, जोडीदार त्या बाजूला. तीन ठोके म्हणजे, आहेस का? एक ठोका म्हणजे, आहे."

"पाठ झालंय मला."

"पूल बांधताना तिसऱ्या खांबाच्या पोकळीत एक माणूस आत राहिला. तीन-तीन ठोके देत होता. जोडीदार घाबरून पळाला, मुकादमानं वरून भराव टाकला. तेव्हापासून तो खांब रोज सकाळी विचारायचा."

"आणि तुम्ही?"

"एक ठोका द्यायचो. तेवढ्यापुरता गप्प बसायचा. परक्याच्या उत्तरानं भागत नाही."

"बरं. आज मध्येच कुठून आठवलं?"

"त्या दारातून येतायत. तीन. ऐक."

"बाबा, घरची बेल ऐकू येत नाही तुम्हाला!"

"हे येतं. बघ, पुन्हा."

"मग द्या तुमचा एक ठोका आणि चला, नंबर आलाय."

"मी देऊन काय उपयोग? जोडीदारानं द्यायचा असतो."

ते दोघं उठून गेले. तिच्या खोलीचं दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं.

तो ठोका मी अजून दिलेला नाही.