अळणी पाव

बायको: तोंड उघडा.

नवरा: अगं, मैदा सोडलाय मी. किती वेळा सांगू?

बायको: एक घास. तुमच्याच हातचा पाव आहे, विष नाही.

नवरा: मैद्यानं रक्तात साखर उसळते. साखरेमागनं ते इन्सुलिन उसळतं. मग हार्मोन बिघडतात, आणि सगळा राग निघतो माझ्या केसांवर. मोबाइलवर पूर्ण दाखवलंय.

सासरे: जावईबापू, ही बेकरी मी उभी केली, मग तुमच्या हातात दिली. मला टक्कल भट्टीनं पडलं की पावानं? काय म्हणतो तुमचा मोबाइल?

नवरा: आप्पा, तुम्हाला सवय झालीय टकलाची. माझे आत्ता कुठे जायला लागलेत.

बायको: शाळेच्या खानावळीतनं सकाळचे पाव परत आलेत. सगळेच्या सगळे.

नवरा: परत? का?

बायको: म्हणून तर म्हणते, तोंड उघडा.

नवरा: दे... अरे देवा. मीठच नाही!

सासरे: कापूस चावल्यासारखं लागतंय. माझ्या वेळी या दारातनं अळणी पाव कधी बाहेर गेला नव्हता.

नवरा: पण मी टाकलं असणार! मूठ भरून टाकतो रोज...

सासरे: आणि मग चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघायचं, हे कुणी शिकवलं?

नवरा: तुम्हीच. पण मैदा जिभेवर कसा...

सासरे: चाखायचं हो! गिळा म्हणालो होतो का?

बायको: त्यांना काय आठवणार मीठ? सकाळी काकडी, दुपारी उकडलेला कोबी, रात्री परत काकडी. भट्टीसमोर डुलत असतात. खानावळवाली काय म्हणाली, ऐका. उद्याही असाच आला तर दुसरीकडनं घेईन. शाळा गेली तर आपली अर्धी भट्टी थंड.

नवरा: बघतो मी.

बायको: आणि केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलात, ते घरात का नाही सांगितलं?

नवरा: तुला कसं कळलं?

बायको: पाव न्यायला येतात त्या इथे. विचारत होत्या, जेवायला लागले का म्हणून. काय म्हणाल्या तुम्हाला?

नवरा: काही नाही.

सासरे: काही नाही म्हणायची फी घेतात होय?

नवरा: म्हणाल्या, पुढनं जातंय ते घराण्यातलं. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं ना, त्याचंच पुढे आणखी एक बनतं. ते केसांची मुळं बारीक करत नेतं. ज्याची मुळं जन्मापासनं नाजूक, त्याचे जातात.

सासरे: म्हणजे आम्हा टकल्यांच्यात पुरुषपणा जरा जास्त...

नवरा: नाही आप्पा. तेही विचारलं मी. बहुतेकांचं सारखंच असतं.

सासरे: हात्तिच्या! विचारलंत कशाला?

बायको: आणि खाण्याचं काय?

नवरा: साखर-मैदा बेतानं खाल्लेला बराच. पण त्याचं केसांशी किती नातं, ते अजून नक्की ठाऊक नाही म्हणाल्या. नुसता पाव सोडून पुढचे केस परत येत नाहीत. औषधं आहेत, हवी तर घ्या.

बायको: आणि?

नवरा: आणि काय?

बायको: काहीतरी गिळताय. ओका.

नवरा: कंगव्यात पुंजके येतायत ना, ते बहुतेक उपासमारीनं. अंडं नाही, डाळ नाही. शरीर म्हणतं, मलाच मिळेना, केसांना कुठनं पोसू?

सासरे: वा, जावईबापू! केस वाचवायला उपाशी राहिलात आणि होते तेही झाडून टाकलेत!

बायको: हसू नका हो आप्पा. पण एवढं कशासाठी, अहो?

नवरा: तुझ्यासाठीच की. लग्नात सगळे म्हणत होते, काय केस आहेत नवऱ्याचे! तूही केस बघूनच हो म्हणालीस. दुसरं होतं काय माझ्याकडे?

बायको: केस बघून? आप्पांच्या हाताखाली कामाला होतात तुम्ही. आप्पा कुणाला उघड्या डोक्यानं पिठाजवळ येऊ द्यायचे का?

सासरे: छे! पावात केस निघाला म्हणजे?

बायको: कानापर्यंत टोपी असायची. खाली माळरान आहे की जंगल, मला काय माहीत? हो म्हटलं तेव्हा तुमचा एक केस पाहिला नव्हता मी.

नवरा: मग काय बघून हो म्हणालीस?

बायको: आधी पीठ मळा.

(दुपार. नव्या पिठाचा पहिला ट्रे भट्टीबाहेर येतो.)

सासरे: चाखलं होतंत?

नवरा: दोनदा. गिळलंसुद्धा.

सासरे: हं. आता लागतोय पाव. शाळेत मी स्वतः नेऊन देतो.

नवरा: आता तरी सांग.

बायको: काय सांगायचंय? पहिला पाव निघाला की तुम्ही मोडायचात. मोठा तुकडा माझ्या हातात. काही न बोलता.

सासरे: माझ्याच पावावर!

नवरा: ...घे. गरम आहे, जपून.

बायको: हा लहान आहे.

नवरा: भूक लागलीय गं.