केनवडची इंजिनियर आन् माह्यं पेरनी यंत्र

माह्यं नाव शेख हुसेन, पन ह्या नावानं इचाराल तर वाशीममधी कोनी घर दाखवनार नाही, हुसेन मिस्त्री म्हना, मंग ऑटोवाला बी दारापाशी आनून सोडते. आमचं घरानं लोहाराचं. आब्बा भात्यावर बसत, विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, तिफनीचे फन, सारं त्याईच्या हातचं. मी सातवीत नापास झालो तवा आब्बा म्हनले, बरं झालं, लोखंड कोनाले नापास करत नाही, ये इकडं. तेवढीच माही शाळा. मंग काय सांगू तुमाले, ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, सोयाबीन आलं, तिफन गेली, आन् आब्बाचा भाता थंडा पडला. मी अकोल्याले एका उस्तादापाशी वेल्डिंग शिकलो, परत येऊन रिसोड रोडले टीनाचं शेड टाकलं, आन् ट्रॅक्टरच्या मागं लावाचं पेरनी यंत्र बनवाले लागलो. वर बियाची पेटी, पेटीच्या खाली दाने मोजून सोडनाऱ्या चकत्या, चकत्याच्या खाली नळ्या, नळ्याच्या खाली फन. आयकाले सोपं आहे. बनवून पाहा मंग समजते.

आता माही बढाई आयका, म्हातारा मानूस आहो, थोडी चालते. माही एक मशीन दुसऱ्या मशीनसारखी नव्हती. नजरेनं माप, हातानं भोक, जिथं बसलं नाही तिथं कानस, कानशीनं झालं नाही तर हातोडा. ह्या मशीनची चकती त्या मशीनले लागत नव्हती, आन् मले त्याची लाज नव्हती, उलट अक्कड होती. सीझनमधी वावरात मशीन थांबली का फोन येये, मिस्त्री, या. मी मोटरसायकल काढो, मागं हत्याराची थैली, आन् जाये, मालेगाव म्हना, मानोरा म्हना, पार कारंज्याच्या तिकडं धनजपर्यंत. मी धुऱ्यावर दिसलो का ट्रॅक्टरवाल्याचा चेहरा खुलून जाये. वावरातच भाकर, वावरातच च्या. असा मान तहसीलदाराले बी भेटत नसन, खरं सांगतो.

मंग माहे मनके गेले. डॉक्टरनं साफ सांगतलं, मोटरसायकल बंद, वजन उचलनं बंद. माह्या बायकोनं, रजियानं, त्याच दिवशी गाडीची चाबी पोराले देऊन टाकली. पोराचं मोबाईलचं दुकान आहे, चांगलं चालते, पन लोखंडाले तो हात लावत नाही, हात काळे होतात म्हन्ते. शेडमधी राह्यलो मी आन् माहा जुना कारागीर बबन. बबन वेल्डिंग करते असी का पाहत राहावं, पन मशीन बिघडली तर कुठं काय बसवलं होतं ते त्याले बी ठाऊक नाही, ते फक्त माह्या हातात. आता मी वावरात जाऊ शकत नाही, आन् माह्याशिवाय माही मशीन दुरुस्त होत नाही. पेरनीच्या टायमाले मशीन उभी राह्यली तर शेतकरी एक दिवस थांबते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची घेते. झोप उडाली होती माही.

आमचे एक गिराईक आहेत, कॉलेजात सर आहेत, शेती बी करतात. ते म्हनले, मिस्त्री, एक अप्रेंटिस ठेवा, वर्षभर. मी म्हनलं, ठेवतो ना, आयटीआयचं एखांदं पोट्टं द्या, मोटरसायकल चालवता आली पाह्यजे. ते म्हनले, नाही, डिग्रीवाला ठेवा, इंजिनियर, आता तसे बी अप्रेंटिस भेटतात, थोडा भार सरकार उचलते. मले हसूच आलं. मी सातवी नापास, इंजिनियरले मी काय शिकवू, आन् तो मले काय शिकवीन. सर म्हनले, ठेवून तं पाहा.

आन् आली कोन, तं पोट्टी. पल्लवी इंगोले, केनवडची. दारातूनच जयभीम चाचा म्हनली. मी बी जयभीम म्हनलं, आन् बबनले डोळ्यानं इचारलं, आता हिले बसवाचं कुठी? पोराच्या दुकानातून खुर्ची आनली, टेबल मांडला, पंखा तिच्याकडं फिरवला. शिकलेलं मानूस, त्याले टेबलच पाह्यजे, असं माह्या डोक्यात. बिलं लिही बेटा, फोन घे, हिशोब पाहा. पंधरा-वीस दिवस तिनं मुकाट्यानं केलं. मंग एक दिवस आली, ओढनी कमरेले खोचलेली, म्हनली, चाचा, बिलं लिहाची असती तर मी इंजिनियर कायले झाली असती? बबननं तिले हातमोजे देल्ले.

मंग ती शेडमधी फिराले लागली. दोन मशीनी बाजूबाजूले उभ्या होत्या, दोन्ही माह्याच. तिनं एकीची चकती काढली, दुसरीले लावून पाह्यली, नाही लागली. पुन्हा उलटी लावून पाह्यली. मंग मले इचारलं, काहून असं? मी अक्कडीत म्हनलं, बेटा, हाताची पाच बोटं सारखी असतात का? तिनं थोडा इचार केला आन् म्हनली,

बोटं सारखी नसतात चाचा, पन कासार काय बाईचा हात पाहून नवी बांगडी घडवते का? माप सांगतलं का बांगडी येते.

बबन फसकन हासला. मले तिचा राग आला, तो मी बबनवर काढला.

दुपारी डबा खाताना तिनं सांगतलं. तिच्या बाबाचं ट्रॅक्टर, गावात भाड्यानं पेरनी करून देतात, मशीन माह्याच हातची. ती शाळेत होती तवा ऐन हरभऱ्याच्या पेरनीत एक चकती तुटली, एवढीशी, तळहातावर मावनारी, आन् तिच्या बाबानं अख्खी मशीन ट्रॅक्टरले लावून केनवडहून वाशीमले आनली, काहून का मशीन पाह्यल्याशिवाय मिस्त्रीले चकती बनवता येत नाही. माघारी जाईपर्यंत लोकायच्या वावरातली ओल उडून गेली होती. मशीन वाईट नव्हती चाचा, ती म्हनली, मशीन लय चांगली होती, म्हनून तं मी इथंच आली. काय सांगू तुमाले, तारीफ करून राह्यली का चिमटा घेऊन राह्यली, मले समजलं नाही. दोन्ही असन.

मंग तिनं इचारलं, चाचा, तुमी हातोडा न मारता बनवलेली एखांदी मशीन आहे का? मी म्हनलं, आहे, ती पाहा कोपऱ्यात. कोरोनात बाजार बंद होता, गिराईक नाही, घाई नाही, तवा मी एक मशीन बनवली होती, निवांत, जशी मनात होती तशी. ती मी इकलीच नाही. पल्लवी त्या मशीनच्या मांगं लागली. सारी खोलली, एक एक तुकडा मोजला, कंप्युटरवर चितारला. उन्हाळा चढून राह्यला, मिरगाच्या ऑर्डरी डोक्यावर, आन् ही मोजूनच राह्यली. मी एक दिवस बोललोच, कागदावर पेरनी होते का बेटा? तिनं कंप्युटरवरचं चितारनं पुरं केलं. मंग अकोल्याहून जाड पत्र्याचे फर्मे कापून आनले. फर्मा म्हन्जे नमुना, तो लोखंडावर ठेवाचा आन् त्याच्या भोकातून भोक पाडाचं, मंग भोक पाडनारा कोनी बी असो, भोक तिथंच पडते. बबननं पह्यली चकती लावली, सटकन बसली. दुसरी लावली, बसली. तो हातोडा हातात धरून नुसता पाहत राह्यला, बिचाऱ्याले मारावं कुठी ते समजेना.

पन आता माही बी एक बाजू आयका. तिनं सारं असं टंच बसवलं होतं का हवा बी आत जाईना. मी म्हनलं, बेटा, ही आपली काळी माती आहे, ओली झाली का चिकटते, वाळली का फुफाटा होऊन आत घुसते, इतकं आवळशीन तर दुपारपर्यंत मशीन गळा धरीन. इथं थोडी ढील ठेव, इथं नको ठेवू. तिनं एक शब्द उलटा बोलला नाही, कितीक ढील, एवढंच इचारलं. मी नखानं दाखवलं, तिनं मोजलं, पुन्हा अकोल्याले जाऊन नवे फर्मे आनले. तवा मले ही पोट्टी आवडली. शिकलेलं मानूस असं असावं, समोरच्याचं नख बी मोजून घेते.

त्या वर्षी साऱ्या मशीनी फर्म्यावर झाल्या. दर मशीनच्या पेटीवर तिनं नंबर ठोकला, कोन्ती मशीन आहे ते फोनवरच समजावं म्हनून, आन् चकत्या, साखळ्या, गिअर जादाचे बनवून रॅकवर मांडून ठेवले. पन माह्या पोटात एक भेव होतं, ते मी रजियाले सांगतलं. आता कोनाच्या बी हातची चकती बसते, मंग मले कोन बोलावन? ती मेथी निवडून राह्यली होती, वर बी पाह्यलं नाही. म्हनली, आतापर्यंत तुमाले बोलवत होते का मशीनले? मी उठून बाहेर आलो.

मंग हरभऱ्याचा सीझन आला. धनजहून भीमराव नावाच्या शेतकऱ्याचा फोन, मिस्त्री, गिअर तुटला, अर्धं वावर पेरलं, अर्धं बाकी, ओल चालली, या लवकर. मले काय झालं काय माहीत, मी उठलो, चप्पल घातली, हत्याराची थैली उचलली, मनक्यात असी कळ निघाली का तिथंच टेबल धरून उभा राह्यलो. पल्लवीनं माह्या हातातून थैली घेतली, खाली ठेवली. चाचा, बसा. भीमरावले फोनवर म्हनली, काका, पेटीवरचा नंबर सांगा. नंबर सांगतला. तिनं रॅकवरून गिअर काढला, दोन बोल्ट, थोडं ग्रीस, पोत्यात बांधलं, आन् बबन ते घेऊन स्टँडवर गेला, कारंज्याच्या एसटीत देऊन आला. कारंज्याच्या स्टँडवरून भीमरावचा पोरगा घेऊन गेला.

ती दुपार कशी काढली ते मलेच ठाऊक. च्या समोर आला तसाच थंडा झाला. पल्लवीनं फोनवर चेहरा दिसते तसा फोन लावला, भीमरावले दाखवून राह्यली, हा बोल्ट पह्यले, तो मंग. मी दूर बसलो होतो, पाहाची हिंमत नव्हती. मंग भीमरावचा आवाज आला, बसला, चालू झाली. मले राहवलं नाही, मी तिथूनच वरडलो, हातोडा किती मारला रे?

हातोडा कायले मिस्त्री, भीमराव म्हनला, बोटानंच गेला बोल्ट.

मले रडू आलं, खोटं कायले बोलू. इतक्या वर्सात माही मशीन माह्याशिवाय पह्यल्यांदा दुरुस्त झाली होती. मी म्हनलं, बेटा, माह्या हाताचं काम संपलं. तिनं भिंतीवरचा फर्मा काढला, माह्या मांडीवर ठेवला. म्हनली, चाचा, हे माप कोन्या पुस्तकातलं नाही, तुमचा हात ज्या दिवशी सगळ्यात चांगला चालला, त्या दिवशीचं माप आहे. आता दर मशीन त्याच दिवशीची. मी उठून तो फर्मा माह्या हातानं परत भिंतीवर लटकवला.

वर्ष सरलं. तिले संभाजीनगरच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. मी म्हनलं, जा बेटा. रजियानं तिची ओटी भरली, आमच्यात नाही भरत, पन तिच्यात चालते का तिच्या आईले फोन करून इचारलं, आई म्हनली, प्रेमानं देल्लेलं सारं चालते. आमच्या लाईनीतले दुसरे शेडवाले मले चिडवत होते, मिस्त्री, पाहा, आमी म्हनलं नव्हतं का, इंजिनियर शिकते आन् पळून जाते, तुमाले काय भेटलं? मी त्याईले शेडमधी आनलं, भिंतीवरचे फर्मे दाखवले, रॅक दाखवली. म्हनलं, जाताना तिनं आपली अक्कल नेली, ती तिचीच होती. हे सारं इथं लटकून राह्यलं, हे माह्यं. आन् मी तिले शिकवलं नसतं तर तिचं काय, तिनं मले शिकवलं नसतं तर माह्यं काय? त्यातल्या एकानं आता त्या कॉलेजातल्या सरांचा फोन नंबर मागून नेला.

मी नवा अप्रेंटिस ठेवला, मालेगावचा आहे, डिग्रीवाला. त्याले मी पह्यल्याच दिवशी हातमोजे देल्ले, खुर्ची नाही देल्ली. तो आता बियासोबत खत सोडाचं काही तरी नवीन चितारून राह्यला. मोजू दे, आता मी बोलत नाही. पल्लवीचा फोन येते, मनके कसे आहेत इचारते, मशीनीचं त्याच्या मंगच इचारते. अल्ला त्या पोट्टीच्या हाताले बरकत देवो, जिथं असन तिथं.

आता शेवटचं सांगतो, मंग तुमी लिहा काय लिहाचं ते. मांगच्या हप्त्यात, ऐन पेरनीत, मी जेवून शेडच्या मांगं बाजेवर पडलो, डोळा लागला. उठलो तर उन्हं कलली होती. बबनले म्हनलं, काही फोनबिन? तो म्हनला, आले ना, मानोऱ्याची एक मशीन थांबली होती, मालेगावच्या पोरानं चकती धाडली, चालू बी झाली. मी म्हनलं, मंग मले काहून नाही उठवलं? बबननं वेल्डिंगचा चष्मा वर केला. म्हनला, मिस्त्री, तुमी लय गाढ झोपले होते.