कोठी आतच राहिली

हसू नका, पण आमच्या जळोचीच्या घरात हापिस कुणाचं, ते मला अजून कळलं न्हाय. पोरगं वकील झालं. म्हणालं, "आबा, मागच्या दोन खोल्या एक करून हापिस आन् पुस्तकांची खोली करा." भिंत पाडली. जुनं रुंद दार काढून एका फळीचं अरुंद दार बसवलं. मग दिसलं, गव्हाची पत्र्याची कोठी आतच राहिली. आडवी केली, उभी केली, निघंना.

गवंड्याला म्हणलं, "डोळं फुटलं व्हतं का?"

"आबा, दार तुमीच पसंत केलं."

राहिली कोठी कायद्याच्या पुस्तकांशेजारी.

पयला पक्षकार अंथुर्ण्याचा. भावाशी बांधावरून भांडण. पोरगं पुस्तक उघडतंय, तवर आमची म्हातारी, पोराची आई, सूप घेऊन आत. गहू काढता काढता म्हणाली, "आई हाय का रं तुझी?"

"हाय की."

"कोर्टात भांडल्यावर ती कुणाकडं जेवायची?"

माणूस उठून गेला. पोरगं माझ्यावरच फुगलं, "पयलीच केस घालवली!"

पुढल्या बाजारी तोच माणूस भांडणारी दुसरी दोघं घेऊन दारात. पोरानं कॉलर नीट केली.

"बसा, वकीलसाहेब," माणूस म्हणाला. "काकी गहू काढायला कवा येत्यात?"

रंगारी पाटी घेऊन खोळंबलाय. नाव कुणाचं सांगू?