जॉनची गाय का पीटरची?

...अन् वरून घरचे मलाच म्हणतात, म्हातारे, तूच नादाला लावलंस पोरीला! अवो, मी काय लावलं? मी कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली बाई, मला इंग्रजीचं अक्षर येत नाय, मराठीचं बी नाय, अंगठ्यावर जन्म गेला. पण कान हायेत ना? माझी नात हर्षाली, शेखरची थोरली, बँकेच्या परीक्षेला बसलेली, तिसऱ्यांदा बरं का, अन् बापानं आधीच सांगून ठेवलेलं, "ह्या टायमाला लागली तर लागली, नायतर नामपूरचं कांदेवाल्याचं पोरगं बघून ठेवलंय." मग पोरगी जीव तोडून घोकायची! मोठ्यानं! आधी इंग्रजीत, मग स्वतःलाच समजावीत मराठीत... "जॉन पीटरला म्हणाला, त्याची गाय हरवली."

आता तुम्हीच सांगा, 'तो' म्हंजे कोण?

मी इचारलं. इचारू नाय? तर म्हणते, "आजी, तेच चुकलंय. जॉनची का पीटरची, कळत नाय, म्हणून वाक्य चूक." म्हटलं, बये, वाक्य ऱ्हाऊ दे, गाय शोधायला कोण गेलं? "गाय महत्त्वाची नाय गं!" गाय महत्त्वाची नाय! दावं तोडून जनावर गेलं, घरात पोरं दुधाविना, अन् हे पेपर काढणारे वाक्य धरून बसलेत!

मग मीच सांगितलं. गाय पीटरची. सरळ हाय! स्वतःची गाय हरवली तर जॉन असा उभा राहून बोलत बसंल का? रानोमाळ पळंल! अन् सोडली बी त्यानंच. चुलतभाऊ ना ते, बांधावरून वाकडं... "आजी, पुस्तकात असं काय बी नाय." म्हटलं, पुस्तकात नाय म्हणून काय झालंच नाय? मग पोरगी पेन्सिल तोंडात घालून बसली, अन् हळूच म्हणते कशी, "मग गं? पुढं?"

झालं! ती वाक्य वाचणार, मी माणसं सांगणार. पुस्तकातला एक 'तो' बेवारस ठेवला नाय मी!

अन् वाक्यातल्या त्या काळाचं तर इचारूच नका. मी सांगायची, "काल मळ्यात गेले, बघते तर काय, कोबीत गाय!" की ही क्लासच्या सरांसारखं नाकात, "आजीबाई, गेले म्हटल्यावर बघितलं म्हणा. काळ मधीच बदलायचा नाय." अवो, गाय म्होरं उभी, अन् बघितलं काय? तवर कोबी संपंल! एकदा चहा टाकत होती, म्हटलं, आलं जास्त घाल, ह्यांना आवडतं. तर खाली मान घालून म्हणते, "आवडायचं, आजी."

...आलं मीच उठून घातलं.

परीक्षेला देवळाली कॅम्पाला नंबर आलेला. संध्याकाळी बसमधून उतरली ती हसतच! "आजी, सोपं होतं! 'मेरी सुझनला म्हणाली, तिचा स्वयंपाक करपला.' मी पटकन ओळखलं, सुझनचाच! स्वतःचा करपलेला कोण सांगतं?" म्हटलं, शाब्बास माझी वाघीण! मग काय लिहिलंस? म्हणते, "वाक्यात चूक नाय..." अन् बोलता बोलता तोंड उतरलं पोरीचं. जगाला कळंना 'ती' म्हंजे कोण, अन् आमच्या हर्षालीला तिचं सासर-माहेर ठाऊक! तसली जेवढी वाक्यं होती, एकात हिला चूक दिसली नाय.

निकालात नाव नव्हतं. शेखर उठला अन् नामपूरला फोन लावला. जावई बरा हाय. अंगाला कांद्याचा वास येतो, पण बरा हाय.

परवा तिचा फोन. "आजी, मी बँकेत लागणार होते ना गं." काळ एकदम बरोबर! आता कोणते सर यात चूक काढतील? म्हटलं, अगं बाय, पुन्हा दे की परीक्षा, मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसते... तर एकदम आवाज खाली गेला, "ठेवते आजी, ते आले."

तुम्हाला सांगते, पहिल्यांदाच मी इचारलं नाय, 'ते' म्हंजे कोण.