रानातली एकच हाक

नाव: पद्मावती रुद्रेश परब, वय ४१, व्यवसाय शिवणकाम, राहणार चोपडे, तालुका पेडणे, गोवा. नावाआधी सवयीने लिहिलेले 'सौ.' हवालदारांनी खोडले आहे. ती खाडाखोड माझ्यासमोर झाली.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मयत रुद्रेश हे माझे पती. ते मोपा विमानतळावर टॅक्सी चालवत. रविवार दि. ११ जानेवारी २०२६ रोजी ते, मी, आमची मुलगी सेजल आणि थोरले दीर कृष्णनाथ असे चौघे सत्तरीतील वाघेरी डोंगर चढायला गेलो. मला डोंगराची हौस नाही. गाडीत बसून कंबर धरते, एक दिवस पाय मोकळे करू, म्हणून पतींनी आठवडाभर माझे डोके खाल्ले. शेवटी मी हो म्हटले.

पायथ्याशी दिरांनी रानाच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. चढताना पती सेजलला रीत सांगत होते की, रानात नावाने एकच हाक आली तर ओ द्यायची नाही, ती माणसाची नसते. माणूस तीनदा हाक मारतो. सेजल हसली. तेव्हा ते म्हणाले, "हसतंस काय गो? माजी हाक आसली तरी तिसऱ्याकच ओ दी."

दुपारी माथ्यावर पोचलो. उंडे पाव आणि बटाट्याची सुकी भाजी खाल्ली. आपले चोपडे तिकडे, असे पतींनी बोटाने दाखवले. धुरकट हवेत काही दिसत नव्हते. मी दिसले म्हटले.

थोडे उतरल्यावर भाजीचा डबा वर राहिल्याचे लक्षात आले. डबा माझ्या माहेरचा. पती आणायला एकटे परत गेले. मी नको म्हटले नाही. आम्ही तिघे वाटेवर बसून राहिलो.

काही वेळाने वरच्या अंगाने "पद्मा" अशी हाक आली. आवाज पतींचा होता. मी उठले. दीर आडवे आले व म्हणाले, "ओ दिव नको. एकच हाक इली. गप रव." सेजल रडू लागली. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो. ती आली नाही. ऊन कलल्यावर वर गेलो, तेव्हा वाटेत डबा मिळाला. लग्नापासून मी पतींना नावाने हाक मारली नव्हती. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मारली.

सोमवारी गावकरी व वनखात्याच्या लोकांना ते कड्याखालच्या घळीत सापडले. पडल्यावर काही वेळ जीव होता, असे डॉक्टरांनी सांगितले.

पतींना रीत माहीत होती. ते तीनदा हाक मारणारच. एकदाच मारली, म्हणजे पुढची मारता आली नाही. एवढे साधे मला तिथे सुचले नाही, याने माझा जीव जळतो.

माझा कोणावर संशय नाही. दिरांविरुद्ध तक्रार नाही. राग आहे, पण तो लिहायला कलम नाही असे हवालदार म्हणाले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. माझ्या सांगण्यावरून शेवटी एवढे वाढवले आहे की, सहीसाठी हवालदारांनी आतून मला नावाने एकदाच हाक मारली. मी लगेच ओ दिली.